शक्तिमान, किल्विश आणि कोळ्याचा प्रश्न

एप्रिल २०२० ची गोष्ट. टाळेबंदी लागून काही दिवस झाले होते. दूरदर्शनने जुन्या मालिका पुन्हा दाखवायला काढल्या होत्या आणि दुपारी एक वाजता 'शक्तिमान' लागायचा. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. जेवणं आटोपली की आम्ही दोघं टीव्हीसमोर बसायचो. तिच्यासाठी ते सगळं नवं होतं. मी मात्र वीस वर्षं मागे जाऊन दिग्रसच्या मामूंच्या घरात बसलेलो असायचो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिने विचारलं, "अब्बू, डॉक्टर जैकाल वाईट का आहे? तो तर प्रयोग करतो."

मी म्हणालो, "तो किल्विशचा माणूस आहे ना."

"मग चांगल्या माणसांकडे प्रयोगशाळा का नाही?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. तिने मालिकेविषयी विचारलं होतं आणि मला आठवली ती आमच्या घरातली एक दुपार. आज त्याच दोन गोष्टींबद्दल लिहायचं आहे.

ज्यांनी 'शक्तिमान' पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सप्टेंबर १९९७ मध्ये दूरदर्शनवर ही मालिका सुरू झाली आणि २००५ पर्यंत चालली. मुकेश खन्ना शक्तिमान व्हायचे. एरवी ते एका वर्तमानपत्रात काम करणारे, पुढे दात आलेले, गबाळे पंडित गंगाधर असायचे. खलनायक होता तमराज किल्विश. पुराणातून उठून आल्यासारखा हा अंधाराचा राजा, 'अंधेरा कायम रहे' म्हणत प्रकट व्हायचा आणि त्याच्या पदरी नाना तऱ्हेचे राक्षस होते. त्याच्याच बाजूला डॉक्टर जैकाल नावाचा शास्त्रज्ञ होता. तो प्रयोगशाळेत बसून शक्तिमानचे तोतये आणि कसले कसले प्राणी तयार करायचा आणि 'पॉवर' असं ओरडायचा. शक्तिमानला मात्र सगळी ताकद योगसाधनेतून, पंचमहाभूतांतून आणि ऋषींच्या आशीर्वादातून मिळालेली होती.

या मालिकेचे उपकार मी नाकारत नाही. भागाच्या शेवटी एखादं पोर 'सॉरी शक्तिमान' म्हणून आपली चूक कबूल करायचं. आमच्यातल्या कित्येकांनी दात घासणं, रस्ता बघून ओलांडणं, खोटं न बोलणं आईबापांकडून कमी आणि शक्तिमानकडून जास्त ऐकलं. शक्तिमान वाचवायला येईल म्हणून मुलं जीव धोक्यात घालतात, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. मुकेश खन्ना यांनी त्या वेळोवेळी नाकारल्या आणि माझी नक्कल करू नका, असं मुलांना बजावलंही. आणखी एक गोष्ट आम्हा मुसलमान पोरांसाठी महत्त्वाची होती. शक्तिमान कोणाचा धर्म विचारून वाचवायला जात नसे. मोहल्ल्यातल्या प्रत्येक पोराने जुनी ओढणी गळ्याला बांधून अंगणात गिरक्या घेतल्या आहेत. मीही घेतल्या आहेत.

तरी मुलीचा प्रश्न उरतोच. विज्ञानाचा मुलामा असलेली आमच्या पिढीची ही सगळ्यात लाडकी मालिका. तिच्यात प्रयोगशाळा होती, पण ती राक्षसाच्या घरात. चांगुलपणाकडे होती ती दैवी शक्ती. ती एकालाच मिळालेली, बाकीच्यांनी वाट बघायची. राक्षस आला की लोक पळायचे आणि कोणीतरी वर बघून हाका मारायचं. गर्दीतला एकही माणूस किंवा एकही पोर असं विचारायचं नाही, की हा राक्षस कशाने चालतो, त्याला काय चालत नाही, तो खरंच आहे का. सात-आठ वर्षं दर आठवड्याला हे बघितलं तर मनात काहीतरी बसतंच. आमच्या घरात काय बसलं ते सांगतो.

हे मी जिच्याविषयी लिहितो आहे तिला विचारून लिहितो आहे. ती माझ्या खालाची मुलगी, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तिचं नाव लिहायचं नाही, एवढंच आमच्यात ठरलं आहे.

रविवारची दुपार होती. तेव्हा शक्तिमान रविवारी बाराला लागायचा. मामूंकडे लाकडी शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता आणि मोहल्ल्यातली पंधरा-वीस पोरं त्या खोलीत कोंबलेली असायची. चित्र नीट दिसावं म्हणून खिडक्या लावून घ्यायचो, दाराला चादर टांगायचो. व्होल्टेज कधी धड नसायचं. चित्र खालून वर सरकत राहायचं, लुकलुकायचं, मध्येच पांढरं व्हायचं. कोणीतरी गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचं आणि खालून आम्ही 'आलं, आलं, गेलं' असं ओरडायचो. लहान म्हणून ती सगळ्यात पुढे, पडद्यापासून दीड हातावर बसायची.

त्या दिवशी पडद्यावर किल्विश होता. वीज कडाडल्यासारखा झगमगाट चालला होता. ती एकदम ताठ झाली आणि बाजूला कलंडली. हातपाय झटके देऊ लागले, डोळे वर गेले, तोंडातून फेस आला. दोन मिनिटांत सगळं थांबलं. पण त्या दोन मिनिटांत खोली रिकामी झाली होती. पोरं किंचाळत अंगणात पळाली होती. मीही पळालो होतो.

बायका धावत आल्या. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी चप्पल. नानीने तिच्याकडे एकदा आणि अजून चालूच असलेल्या टीव्हीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "शैतान देखके डरी पोट्टी. असर हो गया."

बस्स, तेवढ्यात निदान झालं. पुढची दोन वर्षं त्या घरात कोणी दुसरा विचार केला नाही. टीव्हीवर चादर पडली. पोरीच्या गळ्यात तावीज आला, मग दुसरा, मग दंडाला एक. पाण्यावर दम करून पाजलं गेलं. तरी महिन्या-दोन महिन्यांनी झटका यायचाच. मग कोणीतरी दुसऱ्या गावच्या एका आमिलचं नाव सांगितलं. तिथे तिला मिरचीची धुरी दिली. झाडूने मारलं आणि 'कौन है तू, बोल' असं विचारत राहिले. नऊ वर्षांच्या पोरीला आपण कोण आहोत म्हणून सांगावं ते कळेना. तिला टीव्हीवरचं एकच नाव माहीत होतं, ते तिने सांगितलं. आमिलने ते नाव कधी ऐकलेलं नव्हतं. मोठा जिन्न आहे, खर्च जास्त येईल, असं तो म्हणाला.

आज ती हे हसत सांगते. मला हसू येत नाही.

या काळात तिची शाळा सुटली. शेजारच्या पोरी तिच्याबरोबर खेळेनाशा झाल्या. खाला रात्ररात्र बसून असायची. या सगळ्यांत कोणी दुष्ट नव्हतं, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. नानीचा तिच्यावर जीव होता. त्या घरात कमी पडला तो एक प्रश्न.

आता थोडं जपानकडे जाऊ. तो आमच्या घराशी कसा जोडलेला आहे हे मला फार उशिरा कळलं. आमच्याकडे शक्तिमान सुरू झाला त्याच वर्षी, १६ डिसेंबर १९९७ च्या संध्याकाळी, जपानच्या टीव्हीवर 'पोकेमॉन'चा एक भाग लागला. पोकेमॉन म्हणजे पॉकेट मॉन्स्टर, खिशातले राक्षस. त्या भागात मुलं आणि त्यांचे राक्षस संगणकाच्या आत शिरतात, अशी गोष्ट होती. एका प्रसंगात स्फोट होतो आणि पडदा लाल-निळा, लाल-निळा, एका सेकंदात साधारण बारा वेळा, असा काही सेकंद लुकलुकतो. त्या संध्याकाळी जपानभर ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. कोणाला झटके आले, कोणाला भोवळ, कोणाला उलट्या. काही वाहिन्यांनी बातमी देताना तोच प्रसंग पुन्हा दाखवला आणि आणखी मुलं आजारी पडली. सुदैवाने कोणी दगावलं नाही.

म्हणजे राक्षस असलेली मुलांची विज्ञानमालिका बघताना मुलं खरोखर कोसळली. आमच्या खोलीत एक पडली, तिथे शेकड्यांनी. तिथेही लोक घाबरले, अफवा उठल्या. पण पुढे काय झालं ते बघा. प्रसारण चार महिने थांबवलं. डॉक्टर, तंत्रज्ञ आणि वाहिन्यांचे लोक एकत्र बसले. पडदा सेकंदाला किती वेळा लुकलुकला, कोणत्या रंगात, किती वेळ, मुलं किती अंतरावर बसली होती, खोलीत दिवा होता का, हे सगळं मोजलं. मग नियम केला की असा झगमगाट, विशेषतः लाल रंगाचा, सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा दाखवायचा नाही. तिथल्या मुलांच्या कार्यक्रमांआधी एक सूचना येऊ लागली, की खोलीत उजेड ठेवा आणि पडद्यापासून लांब बसा. तो भाग पुन्हा कधी दाखवला गेला नाही. राक्षस मात्र राहिले. पोकेमॉन आजही चालू आहे.

जपानी लोक जात्याच शहाणे असतात आणि आपण नसतो, असं मला म्हणायचं नाही. त्यांच्याकडे एक मोजणारी व्यवस्था होती आणि ती कामाला लागली. आमच्या खोलीत त्या दिवशी मोजण्यासारखं सगळं होतं. अंधार होता, लुकलुकणारं चित्र होतं, दीड हाताचं अंतर होतं. नानीचं निरीक्षण अगदीच चूक नव्हतं. टीव्हीचा आणि झटक्याचा संबंध होताच, तिने तो पहिल्या क्षणात ओळखला. चूक झाली ती पुढच्या पायरीवर. पडद्यावरून बाहेर आला होता तो उजेड, आणि आम्ही समजलो राक्षस आला.

दोन वर्षांनी एका शिक्षकाने तिच्या वडिलांना बाजारात गाठलं. पोरगी शाळेत का येत नाही म्हणून चौकशी केली, ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "एकदा यवतमाळला मोठ्या दवाखान्यात दाखवा. तावीज काढायला कोणी सांगत नाही, तो राहू द्या." हे शेवटचं वाक्य त्यांनी म्हटलं नसतं तर खालू गेले नसते, अशी माझी खात्री आहे. दारव्हामार्गे एसटीने तिघं यवतमाळला गेले. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या एका तरुण डॉक्टरने तासभर प्रश्न विचारले. झटका आला तेव्हा ती काय करत होती? नुकती उठली होती का? रात्रीची झोप झाली होती का? टीव्हीपासून किती लांब होती? चित्र हलत होतं का? आमिलने दोन वर्षांत जेवढं विचारलं नव्हतं तेवढं त्याने एका तासात विचारलं, आणि तेही पोरीला विचारलं, तिच्या अंगातल्या कोणाला नाही.

निदान झालं मिरगी. मराठीत फेफरे किंवा अपस्मार, अरबीत सरअ. मेंदूतल्या पेशी आपसांत विजेच्या सूक्ष्म संदेशांनी बोलतात. तो व्यवहार काही क्षण बेताल होतो आणि शरीर झटके देतं. मिरगी असलेल्या शंभर जणांत साधारण तीन ते पाच जणांना लुकलुकत्या उजेडाने झटका येऊ शकतो आणि हे शाळकरी वयात जास्त दिसतं. रोज ठरल्या वेळी गोळी, झोप पुरेशी, टीव्ही लांबून आणि उजेडात, आणि गोळी मनाने बंद करायची नाही, इतकंच सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे जगात सुमारे पाच कोटी लोकांना मिरगी आहे आणि योग्य उपचार मिळाले तर त्यांतले सत्तर टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांशिवाय जगू शकतात. ती त्या सत्तरांत निघाली. पहिल्या चार महिन्यांत एकदा झटका आला, नंतर आला नाही.

इथे काही वाचक म्हणतील की तुम्ही जिन्नच नाकारता. कुरआनात जिन्नांच्या नावाची सूरह आहे, बहात्तरावी, हे मलाही माहीत आहे. माझा वाद तिथे नाही. जिन्न आहेत असं मानणं ही श्रद्धेची गोष्ट झाली. समोर पडलेल्या या पोरीच्या तोंडाला आलेला हा फेस जिन्नामुळेच आहे, असं सांगणं हा दावा झाला. श्रद्धेला पुरावा कोणी मागत नाही. दाव्याला मागावा लागतो, कारण तो चुकला तर त्याची किंमत दावा करणारा देत नाही, पोर देतं. आमच्याकडे या दोन गोष्टींची सरमिसळ करून अनेकांची दुकानं चालतात आणि दावा तपासायला निघालेल्या माणसाला श्रद्धेवर हल्ला केल्याचा ठपका बसतो.

आपल्या परंपरेकडे नीट पाहिलं तर ती या बाबतीत आमच्या मोहल्ल्यापेक्षा बरीच पुढे आहे. बुखारीच्या हदीससंग्रहात मिरगी असलेल्या एका स्त्रीची हकिगत आहे. ती पैगंबरांकडे आली आणि झटक्यात माझे कपडे सरकतात, दुआ करा, म्हणाली. तिला कोणी मारलं नाही, धुरी दिली नाही, तू कोण आहेस म्हणून विचारलं नाही. तिचं ऐकून घेतलं गेलं, सब्र केलास तर जन्नत आहे असा दिलासा दिला गेला आणि तिची लाज राखली जावी म्हणून दुआ केली गेली. आजारावर उपाय करा, अल्लाहने प्रत्येक आजाराला औषध दिलं आहे, अशा अर्थाची हदीस तर आपल्याकडे दवाखान्याच्या भिंतीवर लावलेली असते. आणखी एक हकिगत सगळ्यांना ठाऊक आहे. पैगंबरांचा लहानगा मुलगा इब्राहिम वारला त्या दिवशी सूर्यग्रहण लागलं. सूर्यही शोक करतो आहे, असं लोक म्हणू लागले. कोणत्याही पुढाऱ्याने ही समजूत तशीच राहू दिली असती. त्यांनी ती खोडून काढली. सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मरण्या-जगण्यासाठी त्यांना ग्रहण लागत नाही, असं त्यांनी लोकांना सांगितलं. मुलाच्या मृत्यूच्या दिवशी हे सांगणं सोपं नव्हतं.

आता राक्षसांच्या गोष्टींकडे परत येतो, कारण माझं म्हणणं गोष्टींविरुद्ध नाही. राक्षस काढून टाकलेली बालमालिका कोणी बघणार नाही. पोरांना भीती हवी असते, तीही सुरक्षित जागी बसून. प्रश्न एवढाच आहे, की गोष्टीत राक्षस हरतो कसा.

शक्तिमानच्या आधी आम्ही रामानंद सागर यांची 'अलिफ लैला' बघायचो. ती मालिका ज्या 'हजार आणि एक रात्रीं'वरून घेतली होती, त्यांतली कोळी आणि जिन्नाची गोष्ट नानीच आम्हाला सांगायची. गरीब कोळ्याच्या जाळ्यात तांब्याची सुरई येते, तिच्यावर हजरत सुलेमान यांची मोहर असते. तो ती फोडतो, धूर निघतो, धुरातून डोंगराएवढा जिन्न उभा राहतो आणि तुला मारणार म्हणतो. कोळ्याकडे योगसामर्थ्य नाही, तलवार नाही, वरून कोणी उडत येणार नाही. तो एवढंच म्हणतो, की एवढा मोठा तू या एवढ्याशा सुरईत मावत होतास, हे मला पटत नाही. दाखव. जिन्न ताठ्यात पुन्हा धूर होऊन आत जातो आणि कोळी झाकण लावतो.

किती वर्षांची ही गोष्ट! तिच्यात जिन्न आहे आणि तो हरतो तो 'पटत नाही, दाखव' या दोन शब्दांनी. आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या भस्मासुराचंही तसंच आहे. ज्याला अस्त्र चालत नाही तो असुर मोहिनीच्या युक्तीने स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून भस्म होतो. जुन्या लोकांच्या गोष्टींत डोकं चालवायला जागा होती. आम्ही त्यांना विज्ञानमालिकेचे कपडे चढवले आणि डोकं काढून घेतलं.

आणि नानी! दर पावसाळ्यात ही गोष्ट सांगणारी माझी नानी आमिलसमोर बसली तेव्हा तिला कोळी आठवला नाही. 'मोठा जिन्न आहे' असं तो म्हणाला तेव्हा 'दाखव' म्हणणारं कोणी नव्हतं.

विज्ञानकथा आपल्याला परकी नाही. बेगम रुकैया यांनी १९०५ साली 'सुलतानाज् ड्रीम' लिहिली. त्यातल्या बायका सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात, ढगांतून पाणी ओढून घेतात आणि चालून आलेल्या सैन्याला सूर्यकिरणांनीच पळवून लावतात. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका पडदानशीन मुसलमान बाईच्या गोष्टीत प्रयोगशाळा चांगल्या माणसांकडे होती! मराठीत जयंत नारळीकरांनी १९७४ साली नारायण विनायक जगताप या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत कथा पाठवली. नाव बघून बक्षीस मिळू नये, कथा वाचून मिळावं, म्हणून टोपणनाव. त्यांना पहिलं बक्षीस मिळालं. पुढे त्यांच्या एका पुस्तकाचं नाव 'अंतराळातील भस्मासुर' होतं. म्हणजे पुराणातला असुर आणि आजचं विज्ञान एका गोष्टीत सुखाने नांदू शकतात. आमच्या टीव्हीने मुलांसाठी अशा गोष्टी फार थोड्या केल्या.

आता ज्या एप्रिलमध्ये मुलीने प्रश्न विचारला त्या एप्रिलकडे येतो. दुपारी एकला आम्ही किल्विश बघायचो आणि रात्री बातम्या लावल्या की दुसराच राक्षस दिसायचा. त्याला दाढी होती, डोक्यावर टोपी होती आणि तो मुद्दाम रोग पसरवत फिरत होता. तबलिगी जमातीच्या निमित्ताने आपल्या सगळ्या समाजाचा किल्विश झाला होता. भाजीवाल्याला गल्लीतून हाकलल्याचे व्हिडिओ फोनवर फिरत होते. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जमातीसाठी आलेल्या परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. त्यांना बळीचा बकरा केलं गेलं, असं स्पष्ट म्हटलं आणि माध्यमांतल्या प्रचारावरही ताशेरे ओढले. न्यायालयाने काय केलं? कोळ्याचाच प्रश्न विचारला. दाखवा, पुरावा कुठे आहे?

त्याआधी दोन वर्षं, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला 'मुलं पळवणारे' समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी होते, मुसलमान नव्हते. राक्षस कोणाचाही करता येतो. त्यासाठी लागतो तो प्रश्न न विचारणारा जमाव, आणि तो कोणत्याही धर्माचा चालतो.

म्हणून मला आपल्या लोकांना कळकळीने सांगायचं आहे. वाहिनीवाल्याला 'पुरावा दाखव' म्हणण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. पण ज्या घरात आमिलला तो प्रश्न विचारायची हिंमत नाही, त्या घरातल्या पोराला तो वाहिनीवाल्याला विचारण्याची सवय कुठून लागणार? ती लागली तर सगळीकडे लागते. आपल्याला हवी तिथेच पुरावा मागायचा आणि बाकी ठिकाणी हात जोडायचे, असं चालत नाही. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं, हा त्याप्रमाणे गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तो सगळ्या धर्मांना सारखा लागू आहे. तो कायदा आमच्या त्या पोरीसाठी चौदा-पंधरा वर्षं उशिरा आला. तुमच्या गल्लीतल्या पोरीसाठी तो आज आहे.

मुलीला मी उत्तर दिलं, पण काही दिवसांनी. चांगल्या माणसांकडेही प्रयोगशाळा असते, ती टीव्हीवर दाखवायची राहून गेली, असं सांगितलं आणि तिला यवतमाळच्या त्या डॉक्टरची गोष्ट सांगितली. तिने विचारलं, "मग त्या डॉक्टरने किल्विशला हरवलं?" मी हो म्हणालो. तिला ते फारसं पटलं नाही. मारामारी नव्हती ना!

हा लेख लिहून झाल्यावर मावसबहिणीला वाचून दाखवला. तिला आता दोन मुलं आहेत, ती अंगणवाडीत शिकवते आणि टीव्हीसमोर पोरं पुढे सरकली की दिवा लावून त्यांना मागे ओढते. लग्नाच्या वेळी तिने आजार लपवू दिला नाही. दोन स्थळं त्यामुळे मोडली, तिसरं टिकलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "हे सगळं ठीक आहे. पण कोणाला झटका आला तर काय करायचं तेही लिही. त्या दिवशी तुम्ही सगळे पळाला होतात."

म्हणून लिहितो. आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा. डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा. कुशीवर वळवा, म्हणजे लाळ श्वासात जाणार नाही. दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी, काही घालू नका. कांदा आणि चप्पल जागच्या जागी राहू द्या. घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबलं नाही किंवा लागोपाठ दुसरा झटका आला तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. आणि शुद्धीवर येईपर्यंत तिच्याजवळ बसून राहा.